घाटेअळीसाठी कूलर

३ एप्रिल १९८८, देवपूर, धुळे
आजपासून रोजनिशीत फक्त संशोधन. घरगुती रडगाणी बंद.
विषय पक्का: घाटेअळीवर तापमानाचा परिणाम. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसणारी ही अळी बेताच्या गारव्यात सावकाश वाढते, पतंग होते, भरपूर अंडी घालते. उकाड्यात घाईघाईने मोठी होते, आणि ऊन फारच झालं की अंडी वांझ. हे पुस्तकात आहे. धुळ्यात कुणी करून पाहिलेलं नाही. मी पाहणार. मेअखेर जळगावच्या परिषदेत निबंध वाचला की कॉलेजात मला नुसता डेमॉन्स्ट्रेटर म्हणायची कुणाची टाप आहे बघू.
अडचण एकच. एप्रिलात धुळ्यात गारवा आणायचा कुठून?

६ एप्रिल
देव आहे. सासरे सुपडूआबांनी फैजपूरहून टेम्पोत घालून नवा कूलर पाठवला. कुंदाचा आठवा सरत आलाय, बाळंतपण इथेच करायचं ठरलंय, तिला ऊन बाधू नये म्हणून.
मागच्या खोलीत अळ्यांना लावला. तात्पुरता. कुंदा काही बोलली नाही. म्हणजे संमती.

११ एप्रिल, दुपार
बाहेर ४३. थर्मामीटर कूलरच्या तोंडाशी टांगलाय: २६. झकास. गार हवा वाया जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, फटींत पेपर. कुंदा म्हणाली, कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवायची असते. ती बी.ए. आहे हे तिच्या लक्षात आणून दिलं.
तुलनेसाठी निम्म्या अळ्या स्वयंपाकघरात ठेवल्या. कुंदा दिवसभर तिथेच असते, लक्ष राहील.

१३ एप्रिल
एका बरणीतल्या अळ्यांनी एकमेकींना खाल्लं. भेंडी समोर असून. प्रत्येकीला स्वतंत्र खोली लागते. लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, सगळं ताब्यात घेतलं. भेंडीची भाजी बंद. कुंदाला नेमकी भेंडीच खावीशी वाटतेय, हे मला आजच का सांगितलं गेलं कळत नाही.

१९ एप्रिल
शेजारच्या भिकुबाई अक्का वाटी परत करायच्या निमित्ताने येऊन गेल्या. "भाऊ, बाई घामनी भिजी गयी, आनी तू अळीस्ले वारा घाली ऱ्हायना?" विज्ञानाला विरोध होतोच. चित्त थाऱ्यावर नाही. सारखा उठून थर्मामीटर बघतो. २६. घरात तोच काय तो माझ्या बाजूने आहे.

२२ एप्रिल
कुंदाला चक्कर आली. सुपडूआबा तिला फैजपूरला न्यायला जीप घेऊन आले. अळ्यांच्या बाटल्या दाखवू का, मी विचारलं. म्हणाले, "जवाईबापू, कूलर पोरीसाठी धाळला व्हता, किळ्याईसाठी नही." मी म्हटलं, तिलाही त्या खोलीत बसता आलं असतं, फक्त दार उघडायचं नाही.
जाताना ती बाळासाठी शिवलेलं मलमलीचं दुपटं शोधत होती. मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. पतंगांना अंडी घालायला मलमल मानवते.
घर शांत झालं. कामाला पोषक. भिकुबाईंकडून डबा येईल असं वाटलं होतं. आला नाही.

२ मे
पतंग निघाले. गारव्यातले आणि स्वयंपाकघरातले, एकाच दिवशी. म्हणजे धुळ्याची अळी तापमानाला भीक घालत नाही. पुस्तकं बदलावी लागणार.

८ मे
दुपट्यावर अंडी आहेत, फुटत नाहीत. एव्हाना फुटायला हवी होती. बसवत नाही, उभं राहवत नाही. खोलीत शर्ट पिळावा लागतो. एकाग्रतेचा घाम असणार.

१० मे
कूलरमध्ये पाणी भरताना थर्मामीटर काढून कॉटवर ठेवला. ३८. बिघडला म्हणून कॉलेजातून दुसरा आणला. तोही ३८. दोघांना कूलरच्या तोंडाशी नेलं. २६.
म्हणजे महिनाभर मी फक्त कूलरचं तोंड मोजत होतो.
खिडकी उघडली. थोड्या वेळात खोली गार व्हायला लागली. पतंग उडून गेले. अंडी वांझ. पुस्तक बरोबर होतं. कुंदाही.

१३ मे
फैजपूरहून निरोप. मुलगी. दोघी सुखरूप. निरोप भिकुबाईंना आला, मला नाही.
संकल्प: कूलर घेऊन जायचं, तिच्या उशाशी लावायचा, माफी मागायची. सगळे खूश होतील.

१५ मे, फैजपूर
कूलर एसटीच्या टपावर. जळगावला गाडी बदलताना पत्रा चेपला.
कुंदाची खोली केळीच्या बागेकडे. खिडक्या सताड उघड्या. थर्मामीटर खिशात होता, काढायचा धीर झाला नाही. गार होतं.
मुलगी झोपली होती. फार लहान आहे. मी म्हटलं, चुकलं माझं. कुंदाने विचारलं, दुपटं आणलं का. आणलं होतं, धुऊन. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाली, राहू द्या, तुमच्या अळ्यांना लागेल. मुलीला घ्यायला हात पुढे केले, तर म्हणाली, आधी हात धुऊन या. धुऊन आलो तोवर दार लागलं होतं.
आबांनी कूलर गोठ्यात लावायला सांगितला. उन्हाने म्हैस दूध कमी देतेय म्हणे. माझी खाटही तिथेच, म्हशीच्या पलीकडे. वारा आधी तिला लागतो.
गोठ्याची खिडकी मी स्वतः उघडली आहे. तिकडून मुलीचं रडणं ऐकू येतं.
उद्या पुन्हा हात धुऊन जाणार.