सोनियाची दुसरी शिफ्ट

पडेगाव, ६ जानेवारी २०२५

चि. दीपमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे मेलवर लिहितोय. इथं तरी मधे बोलता येणार नाही.

सोनियाला लासूर स्टेशनचं स्थळ आलंय. मुलाचे वडील साहेबराव, बाजारात आपल्या शेजारीच त्यांची आडत. तोलामोलाची माणसं. त्यांनी मला एवढंच विचारलं, की मुलगी शेंद्र्याच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जाते आणि रात्री बसमधून उतरते, हे खरं का? चार माणसांत मला मान खाली घालावी लागली.

आता तिला लाईन लीडर करणार आहेत, म्हणून बाईसाहेब हवेत आहेत. माझं ऐकत नाही, आत्याचं ऐकते. तिला त्या कंपनीत तूच चिकटवलीस, तेव्हा नोकरी सोड असं तिला तूच लिही. तू सौदीत दम्मामला बसून अरबांच्या पोरींना वायरी जोडायला शिकवतेस. ते लोक बाईला कसं वागवतात, ते बघून तू तरी काहीतरी शीक.

तुझ्या वहिनीचा गुडघा धरलाय. बाकी ठीक. लोभ आहे, अजून तरी.

तुझा दादा,
शिवराज

दम्माम, ९ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मान खाली घातलीस हे वाचून वाईट वाटलं. आडतीवर शेतकऱ्याच्या मालाचा भाव पाडताना तुझी मान ताठ असते.

इथलं शीक म्हणतोस, तर इथलंच सांगते. माझ्या लाईनवर नूरा नावाची मुलगी आहे. सगळ्यांत चलाख हात. नोकरी करायला कायद्यानं तिला कुणाची परवानगी लागत नाही. घरात मात्र लागते. स्वतःची गाडी चालवत कामावर येते. महिन्यापूर्वी तिच्या भावानं मॅनेजरला फोन केला, की परक्या पुरुषांची ये-जा आहे तिथं बहिणीला बसवू नका. मॅनेजर सभ्य माणूस. त्यानं तिला मागच्या खोलीत लेबलं चिकटवायला बसवलं. सगळ्याच घरांत असं नाही. तिच्या शेजारणीचा नवरा घरी बाळ सांभाळतो. पण नूरा म्हणते, भाऊ वाईट असता तर भांडले असते, तो माझ्यावर जीव टाकतो, त्याला काय बोलू? मला त्या भावाचा असा संताप आला, की दोन दिवस मॅनेजरशी धड बोलले नाही.

तेव्हा सोनियाला असलं पत्र मी लिहिणार नाही. तुझी अडचण रात्रीची ना? ती मी मिटवली. शेंद्र्याचे बन्सी साहेब माझे जुने वरिष्ठ, माझा शब्द मोडत नाहीत. काल त्यांना फोन केला. सोमवारपासून सोनिया पॅकिंगला, दिवसाच्या शिफ्टला. आता कारण शोध नवीन.

वहिनीला डॉक्टरकडे ने, नुसतं मला कळवू नकोस. लोभ हवाच आहे, पण अटी घालून नको.

तुझी,
दीपमाला

पडेगाव, १३ जानेवारी २०२५

दीपमालास,

उद्या संक्रांत, म्हणून कडू ते आजच बोलून घेतो.

नूराच्या भावात मला काही खोट दिसत नाही. बहिणीची काळजी केली, गुन्हा केला काय? आणि रात्रीची शिफ्ट वाईट हे तुलाही पटलंय, नाहीतर फोन कशाला केला असतास? मला शहाणपण शिकवतेस आणि करतेस तेच जे मी करतो. फरक इतकाच, की मी लपूनछपून करत नाही.

साहेबरावांना दिवसाचीही नोकरी चालणार नाही. बुधवारी मी स्वतः कंपनीत जाऊन सांगणार, की आमची मुलगी उद्यापासून येणार नाही. यंदा राखी पाठवायची तसदी घेऊ नकोस.

शिवराज

शेंद्रा, १९ जानेवारी २०२५

ती. आप्पा आणि ती. आत्या,
सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र लिहितेय, कारण मला राग दोघांचा सारखाच आलाय.

आत्या, बन्सी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून कौतुकानं सांगितलं, की तुझ्या आत्याची काळजी आम्ही मिटवली. लाईन लीडरची जागा दुसऱ्या शिफ्टलाच होती. ती फकिराला मिळाली. त्याला काम मी शिकवलं होतं. मी खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसले. तुमचं नूराचं पत्र आईनं मला वाचून दाखवलं, तेव्हा मला वाटलं हे माझ्याबद्दलच आहे. तुम्ही मला रोज मेसेज करता, जेवलीस का विचारता. हे एवढं विचारायला काय झालं होतं?

आप्पा, बुधवारी तुम्ही गेटवर मोठ्यानं सांगितलंत, की हिनं काम सोडलं. मी आत होते. सगळ्या मुली बघत होत्या. साहेबांनी मला समोर बोलावलं, मी म्हटलं की सोडलेलं नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता गाडी वळवलीत. त्या रात्री मला खूप रडू आलं. साहेबरावांना मीच फोन करून नकार कळवला. ते म्हणाले, हे तुझ्या वडिलांना माहीत आहे का?

दोन मैत्रिणींबरोबर मी इथंच खोली घेतलीय. आईला सांगून निघाले. ती म्हणाली, लई शहाणी झालीस, आणि पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरून दिली. दुसरी शिफ्ट मी परत मागून घेतली. शिफ्ट मिळाली, लीडरची जागा गेली ती गेली. आता फकिरा मला काम सांगतो.

यापुढं माझ्यासाठी कुणी कंपनीत फोन करू नये, माझ्या भल्यासाठीसुद्धा नाही. लोभ तुम्हा दोघांचाही हवाय मला. पण तो करायच्या आधी मला विचारत जा.

आपली,
सोनिया