आपल्या वतीने

प्रिय बाळास,

तू पाठवलेली फळांची टोपली मिळाली होती. सफरचंदं सहा, त्यांतली दोन डागाळलेली, संत्री आठ, द्राक्षांचा घोस एक, तोही पिचलेला. पोचवणावळ ऐंशी आणणाऱ्याने माझ्याकडूनच घेतली. सोबत चिठ्ठी, की तापामुळे तुला अंथरूण सोडवत नाही. त्याच दुपारी एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला, "काकू, साहेब तापाने फणफणलेत हो, नाहीतर धावतच आले असते." तिच्यामागे दुसरी मुलगी कुणाला तरी शब्दन्‌शब्द तेच सांगत होती. तिच्याही साहेबांना तापच. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे बारीक अक्षरांत कंपनीचा नंबर आणि वर 'आम्ही आपल्या वतीने बोलतो'.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण न सांगितलेलंही मला कळतं. तुझ्या बाबांचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेलेले, त्यात महिनाभर अंथरुणाला खिळलेले. दारात पाऊल वाजलं की विचारायचे, "आला का गं?" म्हटलं, जे तुझ्या वतीने खोटं बोलतात ते माझ्या वतीनेही बोलतील. देवापुढे दिवा लावला, नाक घासलं आणि नंबर फिरवला. मुलगा तासाला सातशे. रडणारा हवा तर दोनशे वर. मी म्हटलं, नको, आमचा रडत नाही.

माणूस वेळेवर आला. तुझ्याच वयाचा, आणि मी शिकवलं तसा बोलण्याआधी तुझ्यासारखा खाकरणारा. पण चूक झालीच. बसल्या बसल्या त्याने बाबांचे पाय मांडीवर घेतले आणि विचारलं, "बाबा, फार दुखतं का हो?" तो गेल्यावर बाबा म्हणाले, "हा आपला नव्हे. आपल्याने विचारलं नसतं." मग कूस बदलून म्हणाले, "उद्याही बोलाव."

आणखी नऊ दिवस बोलावला. दहाव्या दिवशी त्याच्या हातून दोन घोट पाणी पिऊन बाबा गेले. तुला फोन लावला, तर तुझा नंबरही तीच मुलगी उचलते. साहेब अजून तापातच. खांदा त्या कंपनीच्या माणसानेच दिला. या घरात आम्ही आल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस, त्यामुळे गल्लीला तू ठाऊकच नाहीस. तुला लहानपणी शेवटचं पाहिलेली आत्या त्याच्या गळ्यात पडली, "अगदी माझ्या दादावर गेलाय गं!" त्या दिवशी तो रडला, आणि बिलात दोनशे लावले नव्हते. माझं पाप माझ्या पदरात. देव विचारील तेव्हा माझ्या वतीने कुणी बोलणार नाही, एवढं मला कळतं.

काल तुझं पत्र आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या अक्षरातलं. ताप उतरला म्हणतोस. सोमवारी येतोस, घराची कागदपत्रं काढून ठेव म्हणतोस. ये की. पण आत्या अजून इथेच आहे, आणि बाबांचा मुलगा सगळ्या गल्लीने पाहिलाय. एकुलता एक म्हणून सांगितलेला, आता दुसरा कुठून आणू? तेव्हा कोण म्हणून येतोस, ते उलट टपाली कळव. कंपनीचा माणूस म्हणून आलास, तर तासाचे सातशे तुलाही देईन.

तुझीच,
आई