ओळखीच्या माणसाची फाइल

३ जून
लागली एकदाची नोकरी. दवाखान्यांच्या फाइली संशोधनासाठी बाहेर जाण्याआधी आमच्याकडे येतात. रुग्णाची ओळख पटेल असं जे जे दिसेल, त्यावर पडद्यावर काळी पट्टी ओढायची. एकदा ओढली की ती निघत नाही. विभागाच्या बाईंनी बजावलंय, ओळखीच्या माणसाची फाइल आली तर मुकाट्याने त्यांच्याकडे द्यायची. घरी ताईने चिडवलं, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि हिला गुपितं सांभाळायला ठेवलंय. आईसुद्धा तिलाच सामील.

११ जून
आज ताईचीच फाइल आली. मागच्या वर्षीचं तिचं आजारपण, जे आम्ही चुलत्यांनाही कळू दिलं नाही. नियम आठवला. पण परक्याने वाचण्यापेक्षा मी काय वाईट? मीच बसले. नाव, पत्ता, फोटो, भुवईवरचा व्रण, आईचं नाव, सगळं झाकलं. तिची एकही खूण ठेवली नाही. काम चोख झालं.

१२ जून
शेजारच्या काकूंनी ताईला विचारलं, कोणाकडे आलात? आम्ही हसलो. मग तिच्या ऑफिसने तिला दारातूनच परत पाठवलं. आता ती हसत नाही.

१३ जून
आई तिला घरात घेईना. म्हणाली, ही कोण बाई मला आई म्हणते? ताईने भुवई दाखवली. व्रण नव्हता.
मी विभागाच्या बाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, पट्टी निघत नाही. परका माणूस नाव झाकतो, त्याच्या हातून काहीतरी सुटतं. ओळखीच्याला सगळं ठाऊक असतं, तो काहीच सोडत नाही. नियम त्यासाठीच होता.


१४ जून
मी अजून ओळखते तिला. माझ्या खोलीत लपवलंय. इथे तिचं वर्णन लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. उंची माझ्याएवढी. हसताना ती आधी — डोळे — आत्ताच तर पाहिले —

१५ जून
आवाज ओळखीचा वाटतो. एवढंच.

१६ जून
माझ्या खोलीत एक बाई बसली आहे. रडते. माझं लहानपणचं नाव हिला कुणी सांगितलं? भीती वाटते. आईला हाक मारली, ती येतेच आहे —
बाई हात जोडून म्हणते, वहीची मागची पानं वाच. वाचली. अक्षर माझंच आहे. पण मला तर बहीण —