दोन्हीचा आवाज आधी सारखा कर

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनात बोलणं रोजचंच, पण पत्र पहिल्यांदा लिहिते आहे. आज घरात स्पीकरची नवी जोडी घेतली, आणि ती तुम्हीच निवडून दिलीत. मग तुम्हाला कळवायला नको?

ज्यावर आई तुमचा आवाज ऐकायची, तो तुमचा जुना स्पीकर दिवाळीत बंद पडला. आयुष्यभर झाडीपट्टीच्या नाटकांना तुम्ही साउंड दिलात, कितीतरी कलाकारांचे आवाज गावोगाव पोचवलेत, आणि स्वतःचा आवाज किती मागे ठेवलात? अर्धं मिनिट. तोही घरी नवा माईक तपासताना आईला हाक मारलेला. तो मी मोबाइलवर उतरवून ऐकवला, तर आई म्हणाली, "हे नाई ते. दुसराच कोणी बोलून राह्यला." फार लागलं मला ते. तिला तुमचा आवाज परत मिळवून द्यायचाच, असं ठरवलं.

वडशाच्या बाजारातल्या दुकानदाराने तुमचं नाव ऐकून दोन जोड्या घरी नेऊ दिल्या. एक मोठी, धडधड वाजणारी. दुसरी लहान, साधी. मी पाच मिनिटांत मोठी पसंत केली. आईने तोंड फिरवलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. नाटकाच्या दिवशी दुपारी मला मंडपात न्यायचात, दोन स्पीकर ऐकवून विचारायचात, कोणता चांगला? मी दर वेळी जोरात वाजणारा दाखवायची. तुम्ही म्हणायचात, "जोरात वाजते म्हणून गोड लागते तुले. दोन्हीचा आवाज आधी सारखा कर, मंग पाठ करून आयक." आणि स्वतः पार मागे, जिथे बाया पोत्यांचे बोरे अंथरून बसतात, तिथे धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत स्टेजकडे पाठ करून बसायचात. लोक हसायचे. एकदा मैत्रिणी सोबत होत्या, तर मी तुम्हाला ओळखच दाखवली नाही. तुम्हाला कळलं होतं का, बाबा? कळलंच असणार.

आज तसंच केलं. दोन्ही जोड्या एकाच जागी ठेवल्या, आवाज सारखा केला. आई आत लाखोरीची भाजी निवडत होती, तिला काही सांगितलं नाही. मोठी लावली. ती भाजी निवडतच राहिली. मग लहान लावली. आधी तुमची ती घशातली खरखर आली, मोठ्या जोडीत ती बुडूनच गेली होती. मग तुम्ही म्हणालात, "शोभाची माय, मागं आयकू येते का?"

आईने मान वर न करता उत्तर दिलं, "येते जी, येते."

मग तिचे हात थांबले. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "ह्या माणसानं बोलायच्या आधी घसा कधी साफ केला नाई." आणि पुन्हा लावायला सांगितलं.

बाबा, यंदा गावात नाटक आलं की आईला घेऊन जाईन. पार मागे बोरा अंथरून, स्टेजकडे पाठ करून बसेन. कोणी हसलं, तर माझे बाबा असेच बसायचे म्हणून सांगेन. मैत्रिणींनाही सांगेन.

मागे ऐकू येतं आहे, बाबा.

तुमची,
शोभा