मधलं पाणी

३ मार्च
सामान लागलं एकदाचं! तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अख्खा तलाव दिसतो. लेक पहिल्याच दिवशी शाळेच्या पोहण्याच्या संघात घुसलीसुद्धा; बावीस तारखेला तलावातच स्पर्धा आहे म्हणे. नवरा म्हणतो, तू पाणी तपास, ती पोहू दे, मी चहा टाकतो. नव्या ऑफिसची प्रयोगशाळा लहान, पण नीटनेटकी. ऑक्सिजन मोजायचा मीटर तर नवा कोरा.

५ मार्च
जुन्या नोंदी चाळल्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन: साडेसहा. मागच्या महिन्यात साडेसहा. अकरा वर्षं साडेसहा! ऊन असो, पाऊस असो, सगळ्या शहराची गटारं येऊन पडोत, आकडा ढिम्म हलत नाही. डोकं सणकलं. शिपायाकडून कळलं, आधीचे केमिस्ट कारंज्याजवळच्या पायरीवर बसूनच बाटली भरायचे. कारंज्याखाली हवा मिसळतेच, आकडा चांगलाच येणार. तपासणी म्हणे. डोंबल!

८ मार्च
नावाड्याला घेऊन मधोमध गेले. तो आढेवेढे घेत होता. ताई, तिथे छातीत कोंडतं, म्हणाला. मी हसण्यावारी नेलं. वजन बांधलेली बाटली थेट तळाला सोडली, तळचा गाळ चांगलाच ढवळला गेला. मीटरवर साफ शून्य. परतताना नावाड्याचे ओठ निळे पडले होते. माझंही डोकं ठणकत होतं.

१२ मार्च
त्या बाटलीचं बूच आपोआप आत ओढलं गेलंय. शेजारी बर्नर पेटवला, विझला. लांबच्या टेबलावर पेटला. बाटलीपाशी आणला, पुन्हा विझला. साहेबांना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, मॅडम, पायरीवरचं पाणी घ्या आणि स्पर्धेच्या दाखल्यावर सही करा, पाहुणे ठरलेत. मी मेले तरी सही करणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

१५ मार्च
आधीच्या केमिस्टना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, तळ ढवळलात का? एकदा उठवलं की ते श्वासामागे येतं म्हणाले. ते स्वतः एकदाच मधे गेले होते; त्यांचा नावाडी होडीतच गुदमरून गेला. आणि हा माणूस अकरा वर्षं तोंड शिवून पायरीवर बसला! तोंडाला येईल ते बोलले. ते रडायला लागले. रडा म्हटलं, खुशाल रडा.

१९ मार्च
आज पायरीवर तासभर बसले. मीटरवर आधी चार. मग दोन. मग शून्य. शंभर पावलं पुढे जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथेही शून्य, आणि धावत मागे जाऊन पाहिलं तर मघाच्या जागी पुन्हा चार.

साहेबांनी माझ्या नावापुढे स्वतःच सही ठोकली. निर्लज्ज! लेकीला सांगितलं, पोहायचं नाही. तिनं घर डोक्यावर घेतलं. नवरा म्हणतो, तुझं ऑफिस घरात आणू नकोस. यांना कसं सांगू की मीच ते—

२२ मार्च, सकाळ
लेकीला खोलीत कोंडून आले. नवऱ्यानं सोडलं. संघाबरोबर उभी आहे, मला बघून मान फिरवली तिनं.

पायऱ्यांवर चाळीस पोरं. पायरीशी मीटर शून्य. ओरडले. साहेबांनी शिपायांकरवी हाताला धरून मंडपाबाहेर काढलं. हसत होते मेले!

श्वासामागे येतं ना? मग ये. होडी एकटीनंच सोडलीय. तिकडे घेऊन जाते त्याला—

वीस हात. मीटरवर दोन.

पन्नास हात. चार. का वाढतंय—

मधोमध. सात. स्वच्छ, चांगलं पाणी.

आलंच नाही माझ्यामागे. माझा एकटीचा श्वास. तिकडे चाळीस—

शिट्टी. थांबा, अरे थांबा—

उड्या मारल्या. सगळ्यांनी. पाणी लगेच सपाट. एकही डोकं वर— माझी पोर—