तिचं घर आहे की

४ मार्च
चिमणीच्या आईने आज पुन्हा म्हटलं, "आपलंच घर समज." समजले! सकाळी न विचारता पांघरुणांच्या घड्या घालून त्यांच्या कपाटात ठेवल्या. काकूंचा चेहरा पडला. "त्या कपाटाला हात नको लावूस गं, यांना चालत नाही." चिमणी माझी मैत्रीण, पण ती तरी काय बोलणार? मान खाली घालून केस विंचरत बसली. तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई म्हणतात. माझी केव्हाच गेलीये.

५ मार्च
लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री. शेठ म्हणे, "डोळे का सुजलेत?" म्हटलं, परीक्षा आहे. लोकांच्या चादरी कडक करून देते आणि मला पाठ टेकायला जागा नाही. हसूच आलं.

७ मार्च
शेजारच्या टेलरकाकांनी एक वसतिगृह सांगितलं — घर सुटलेल्या मुलामुलींसाठी. संध्याकाळी जाऊन आले. पलंग, गरम पाणी, दाराला आतून कडी. आतून! तिथल्या बाई नीट बोलल्या. अट एकच: घरी ठेवून घेत नाहीत, असं घरच्यांनी फोनवर सांगायचं. घर असलेल्यांना जागा देता येत नाही. "आईने फक्त खरं सांगायचं, बाळ."

हे तर सोपं, वाटलं. साहेबांनी — आईच्या दुसऱ्या नवऱ्याला मी मनात साहेबच म्हणते — माझे कपडे आईसमोरच जिन्यात टाकले होते.

८ मार्च
बाईंनी माझ्यापुढेच फोन लावला. आईचा तो गोड आवाज, परक्यांशी बोलतानाचा. "अहो, पोर रागावून गेलीये. तिचं घर आहे की. कधीही यावं तिने."

चारचौघांत शोभा नको म्हणून! तिची अब्रू राहिली, माझा पलंग गेला. बाई म्हणाल्या, समजूत काढून घे आईची. काय काढू, डोंबल?

९ मार्च
काकू: "कधीपर्यंत आहेस गं? सहज विचारते."

१० मार्च
दुकानातून आईला फोन केला. म्हटलं, खोटं बोललीस. "लोकांना काय सांगू? लेकीला बाहेर काढलं म्हणू?" म्हटलं, हो, तेवढंच म्हण. मग मागे साहेब खोकले आणि फोन बंद झाला. रागही येतो तिचा, आठवणही येते. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

१३ मार्च
आईने सांगितलं! आपणहून बाईंना फोन केला. "तिला इथे राहू देत नाहीत. माझं काही चाललं नाही." बाईंनी मला शब्दन् शब्द सांगितला. खिडकीकडचा पलंग मिळाला. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग पोटभर रडले.

१४ मार्च
सकाळी खाली आले तर आई. हातात पिशवी, तिच्या स्वतःच्या कपड्यांची. साहेबांनी तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती बाईंना विचारत होती, "माझ्या वयाच्या बायकांना घेता का हो?"