हजाराच्या वर गेलेलं गाव

आई, आज तुझ्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडण संपत नाही.

जत तालुक्यातल्या आपल्या गावात तुझं किराणा दुकान होतं. चहापत्ती आणि काडेपेट्यांच्या वरच्या फळीवर औषधं असायची: तापाच्या गोळ्या, हिवतापाच्या गोळ्या, आयोडीन, ग्राइप वॉटर. हजाराच्या आत वस्ती असलेल्या गावात एवढी घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येत, पण कंपनीच्या बंद पाकिटातच. "एकच गोळी द्या की," म्हणून कुणी अडून बसलं तरी तू पाकीट फोडायची नाहीस. लोक कंजूष म्हणायचे. "घ्यायचं तर घ्या, न्हाईतर जतला जावा," एवढंच तुझं उत्तर. जतला एकच एसटी जायची, तीही आली तर आली.

एकाहत्तरच्या जनगणनेनंतर सांगलीहून औषध खात्याचे साहेब आले. तू त्यांना चहा दिलास. ते म्हणाले, "बाई, तुमचं गाव आता हजाराच्या वर गेलं. इथून पुढं परवाना आणि शिकलेला फार्मासिस्ट असल्याशिवाय एक गोळीही विकायची नाही."

"लोकास्नी पोरं झाली, त्यात माझी काय चूक, सायेब?" तू विचारलंस. साहेबही हसले, पण फळी रिकामी करायला लावूनच गेले.

त्या संध्याकाळी तू सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून स्वयंपाकघरातल्या बरण्यांत भरतेस आणि पाकिटं चुलीत घालतेस. मी समोर भाकरी थापायला शिकते आहे. तुझा चेहरा भलताच खूश. "इकायला बंदी हाय, द्यायला न्हाई," तू म्हणतेस. तेव्हापासून लोक मागच्या दाराने यायला लागले. कुणी दही आणायचं, कुणी अंडी. आता तू एकेक सुटी गोळी द्यायला लागलीस आणि गावात तुझं कौतुक सुरू झालं. इतकी वर्षं सांभाळलेली शिस्त तू रागाच्या भरात सोडून दिलीस, असं मला आता वाटतं.

शेजारची वहिनी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी. अंगात ताप, म्हणून तू तिला दोन पांढऱ्या गोळ्या दिल्यास. दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, "मावशी, गोळ्या लय कडू हुत्या." तापाची गोळी आंबट लागते, कडू असते हिवतापाची, आणि ती पोटुशीला द्यायची नसते. ती गेल्यावर तू बरणीतली एक गोळी जिभेला लावलीस. बरण्या तू परसात नेऊन रिकाम्या केल्यास. दोन-तीन दिवसांनी वहिनीचं मूल गेलं. तापाने गेलं की गोळीने, कोण सांगणार? तू मला यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. पुढे मूल न झालेली वहिनी मला गल्लीत दिसायची, आणि तू गप्प आहेस म्हणून मला तुझा राग यायचा. तुझ्या शेवटच्या आजारपणातही मी तुझी सेवा केली ती मनात हे धरूनच.

परवा गावी गेले. वहिनी आता थकली आहे. तिच्या ओट्यावर बसले आणि मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, आईनं तेव्हा तुला चुकीची गोळी दिली होती."

ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं हाय की, वन्सं. तुमच्या आईनं त्याच आठवड्यात येऊन सांगितलं. एवढी मोठी बाई, माझ्या पायावर हात ठिवला. मीच म्हटलं, मावशी, ह्यातलं कुणाला बोलू नगा, माझी सासू तुमास्नी गावात ऱ्हाऊ द्यायची न्हाई. मग दोघी रडलो. पुढं मावशी रोज माझ्याकडं यायची, कवा बोलायची, कवा नुसती बसायची."

माझा राग तिथंच मिटायला हवा होता. तू काही लपवलं नव्हतंस. जिला सांगायला हवं, तिला सांगून मोकळी झाली होतीस. परतीच्या एसटीत मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. कुठे पाठवायचं नाही हे पत्र, म्हणून लिहिते: मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं नाही, आई. तू तिच्याजवळ रडलीस, माझ्याजवळ नाही, आणि मला वहिनीचा हेवा वाटला.